भिरभिऱ्याची काठी

वेल्ह्याच्या दवाखान्यामागं डॉक्टरांनी विजेचं भिरभिरं उभं केलं, तेव्हा काठी चढवण्याआधीच धनगरवाड्यातल्या सारजाबाईनं तिच्या शेंड्याला बिरोबाचं पिवळं निशाण बांधलं. सून पोटुशी होती. भिरभिरं फिरलं की पेटीत वीज साठायची, बाळंतिणीच्या खोलीत दिवा लागायचा. त्या दिव्यावर देवाची नजर असावी, एवढंच तिच्या मनात. रोज काठीच्या बुडाशी तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ती तोंडात घास घालत नसे.

झाडांच्या वरचा वारा गावावा म्हणून काठी उंच सागाची, चहूबाजूंनी तारांनी ताणलेली. बुडाशी लोखंडी बिजागरी. वादळ दिसलं की काठी आडवी निजवायची, असं बजावून डॉक्टर भोरला गेले.

आणि तोरण्याकडून वारा सुटला, तो नेमका सुनेला कळा सुरू झाल्यावर. तारा तुणतुण्यागत वाजू लागल्या.

"दोर धरा रं!" कंपाउंडर सावळाराम ओरडला. "मोडली तर खोलीवरच येतीया!"

गडी जमले, पण हात कुणी लावेना.

"वर निशाण हाय," कोंडिबा म्हणाला. "देवाची काठी भुईला टेकवायची व्हय?"

"काठी दवाखान्याची हाय, बाबा!"

"आन् निशाण? तुज्या आज्याचं?"

निशाण सारजाबाईचंच, आत कण्हणारी सूनही तिचीच. तिनं सुनेसाठी आणलेलं घोंगडं उचललं आणि शेंडा येईल तिथं अंथरलं.

"जत्रंत देव घोंगड्यावरच बसतो न्हवं? आज हितं बसंल. दोष लागला तर उपास म्या धरीन."

कोंडिबानं डोकं खाजवलं, मग खांद्यावरचं घोंगडं तिच्याशेजारी टाकलं. "मळलं तर तुजी सून धुऊन देईल का, आत्ये?"

"आदी मोकळी तर होऊ दे तिला."

सावळारामानं पाती थांबवली. गडी दोराला लागले. बिजागरी गंजून आखडलेली; करकरली, अडली, मग एकदाची वळली. काठी हळूहळू खाली आली. शेंडा टेकण्याआधी सारजाबाईनं पदर पसरून निशाण झेललं आणि खोलीच्या दाराला बांधलं.

साठल्या विजेवर दिवा लागला. तिन्हीसांजेला नातीनं टाहो फोडला.

सकाळी वारा पडला. काठी उभी करताना कोंडिबानं विचारलं, "निशाण चढवायचं का?"

"दारालाच ऱ्हाऊ दे. काठीला निजाय-उठाय मोकळं पायजे."

ती तांब्या घेऊन बुडाशी वाकली, तसा सावळाराम हात जोडून म्हणाला, "आत्याबाई, तुमच्या पाण्यानंच बिजागरी गंजली वो."

सारजाबाई थबकली. रोजचा नेम कसा मोडायचा?

"मंग तेल चालंल का, लेकरा?"

"तेल? रोज घाला!"