मागे राहण्यासाठी लावलेला ब्रेक

फोन कानाशी धरून तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि आकडा पुन्हा वाचला. सकाळी दोन उपग्रह एकमेकांजवळून जातील तेव्हाचं अंतर सहाशे मीटर दाखवत होतं. आता ते चाळीसवर आलं होतं, आणि असल्या आकड्यात शंभर मीटरची चूक सहज असते. दीड वाजता दोघांच्या वाटा एकमेकींना छेदणार होत्या. बाराला दहा मिनिटं कमी होती.

एक उपग्रह तिच्या ऑफिसचा. अठरा वर्षं जुना, म्हणून सगळे त्याला म्हातारी म्हणत. दुसरा शहराच्या पलीकडच्या कंपनीचा, आणि तिथे तो हाकायला तिचा धाकटा भाऊ. नोकरीला तीन महिनेही झाले नव्हते. ही तिसरी नोकरी. पहिल्या दोन कशा गेल्या, तो विषय घरात कुणी काढत नसे.

पलीकडे फोन उचलला गेला.

“काय केलंस रे?”

“हलवला ना, ठरल्याप्रमाणे. तुझी म्हातारी आधी जाईल, माझा जरा मागे राहील.”

“मागे राहावा म्हणून काय केलंस?”

“ब्रेक लावला. दुसरं काय करणार?”

तिने कपाळाला हात लावला.

“अरे शहाण्या, मोटार आहे का ती? वर ब्रेक लावला की ऊर्जा जाते, तो खाली उतरतो, आणि खाली आणखी जोरात पळतो. मागे राहायचं तर पुढे ढकलायचं. मग वर चढतो, मंदावतो. किती वेळा शिकवलं तुला?”

“गडबडीत झालं, ताई.”

“तो आता म्हातारीच्या अंगावर येतोय. पुढे ढकल, दुप्पट जोराने.”

“त्याला साहेबांची सही लागते. मग आधीच्या ब्रेकचंही विचारतील. तूच हलव ना तुझी. जराशी.”

म्हातारीच्या टाकीत एका ढकलण्यापुरतं इंधन उरलं होतं. शेवटी तिला भर समुद्रात पाडायला ते राखून ठेवलं होतं. आज वापरलं तर ती पुढे कधीतरी कुणाच्याही छपरावर पडू शकली असती. लहानपणी भावाने फोडलेली काच, हरवलेली सायकल, सगळं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. पण हे घरातलं प्रकरण नव्हतं.

“हलवीन. पण का हलवली ते लिहून द्यावं लागेल, आणि त्यात तुझं नाव येईल. त्यापेक्षा साहेबांकडे जा. बारा दहाला दोन्ही उपग्रह आपल्या टप्प्याबाहेर जातील, ते दीडनंतरच परत येतील. त्याआधी कळव.”

शेजारच्या टेबलाशी तिचे वरिष्ठ बसले होते. निवृत्तीला आलेले, ऑफिसात सगळ्यांचे आजोबा. त्यांनी म्हातारीसाठी आज्ञा तयार ठेवली होती. फक्त पाठवायची बाकी होती.

“काय म्हणतायत तिकडे?”

“हलवतायत.”

“नक्की? नाहीतर ढकलतो हिला. समुद्राचं पुढचं पुढे बघू.”

“भाऊ आहे माझा तिथे,” ती म्हणाली. “नक्की.”

बारा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

“झालं, ताई. साहेबांनी चांगलंच झापलं, पण सही दिली. ढकलला.”

“पुढे ना?”

“पुढेच गं. आता निवांत जेव.”

तिच्या जिवात जीव आला. इतकं बोलायला नको होतं आपण, असंही वाटलं.

“संध्याकाळी घरी ये. आई रोज विचारते.”

“बघतो.”

तिने आजोबांकडे पाहून मान डोलावली. त्यांनी तयार ठेवलेली आज्ञा पुसून टाकली. बारा दहाला म्हातारीचा संकेत बंद झाला. आजोबा डबा घेऊन उठले, आणि ती मात्र दूरच्या रडारची नोंद येईपर्यंत बसून राहिली.

बारा वीसला नोंद आली. भावाच्या उपग्रहाची वाट तीच होती, तसूभरही हललेली नव्हती. अंतर अडतीस मीटर.

तिने फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. ती काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं,

“ताई, चाळीस मीटर म्हणजे पुष्कळ असतं ना?”