चांदणीखालची पाहुणी

आमच्या गावात बिअर घराच्या नावावर असते, ती करणाऱ्या हाताच्या नाही. ज्याचं घर, त्याची गावच्या भट्टीत पाळी. वडील गेले, घर धाकट्या भावाला, कॉर्बिनिअनला मिळालं आणि पुढची तीस वर्षं त्याच्या पाळीला कढईपाशी मी उभी राहिले. भट्टीच्या पाटीवर खडूनं नाव मात्र त्याचं. एकदा तरी तिथे माझं नाव लागावं, एवढंच मला हवं होतं.

या वसंतात त्यानं लग्न केलं. त्याची बायको ओटिलिए म्हणाली, एका स्वयंपाकघरात दोन बायका नकोत. मी बेकरीवरच्या खोलीत राहायला गेले. बिअरचं अर्धं विरजण त्याच्या तळघरात ठेवलं, अर्धं बरोबर नेलं आणि भट्टी बंद असलेला सगळा उन्हाळा बेकरीच्या तळघरात जपलं.

सप्टेंबरअखेर, संत मिखाएलच्या सणाला भट्टी उघडली. चिठ्ठीत पहिली पाळी कॉर्बिनिअनची निघाली. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा रात्रभर निवू द्यायचा असतो. या बहाद्दरानं गरम काढ्यातच विरजण ओतलं. चौथ्या दिवशी बरणी घेऊन माझ्या दारात हजर.

"ताई, फेसच आला नाही गं. सगळं ओतून द्यावं लागलं. उद्या पुन्हा चढवतोय. थोडं विरजण दे ना, भट्टी आत्ताच उघडलीय, दुसऱ्या कुणाकडे नाहीये."

"विरजण ओतण्याआधी काढ्यात बोट बुडवून बघायला काय झालं होतं, गाढवा?"

"ओटिलिए म्हणाली, उशीर होतोय..."

"मग तिच्याकडेच माग की!"

त्यानं बरणी पुढे धरली. बरणी घेऊन दारी आलेल्याला विरजण नाकारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण अट घालू नये, असं कुणी म्हटलेलं नाही.

"पाटीवर माझं नाव लिहायचं."

"लिहितो, ताई. शपथ!"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मी कढईपाशी होते. रात्रभर निवलेल्या काढ्यात सकाळी विरजणही मीच घातलं.

सहा आठवड्यांनी त्याच्या दारावर बिअर तयार झाल्याची चांदणी लागली. तिकडे जाताना मी भट्टीत डोकावले. पाटीवर एकटा कॉर्बिनिअन. खाली ओटिलिएनं फुलांची वेल काढलेली.

चांदणी लागली की त्या घरी गाव विकतची बिअर प्यायला जमतं; घर माणसांनी भरलं होतं. बेकरीवाला ओरडला, "झेंझी, ऐकलंस का? तुझ्या भावाचा हात बसला बरं का यंदा!"

"पाटीचं काय झालं रे?" मी कॉर्बिनिअनला विचारलं.

"अगं, जागाच उरली नाही." त्यानं माझ्यापुढे भरलेला मग ठेवला. मी पर्स उघडली, तर हात धरला. "छे, छे! तुझ्याकडून पैसे? तू तर आमची पाहुणी!"

ओटिलिएनं मला बसायला खुर्ची पुसून दिली. मी दोन घोट घेतले. मेली बिअर उत्तम झाली होती.