रविवारचा आकडा

मी एक जुना वार-सांग्या आहे. संगणकाच्या भाषेत मला फंक्शन म्हणतात. तारीख द्या, मी वाराचा आकडा सांगतो. माझ्यासारखे अनेक तयार तुकडे जिथे एकत्र ठेवतात, त्या जागेला लायब्ररी म्हणतात.

मित्रांनो, मला घडवणाऱ्याने एक नियम दिला. रविवार शून्य, सोमवार एक, असे करत शनिवार सहा. पुढे दुसऱ्या जाणकारांनी वेगळा नियम लिहिला. सोमवार एक आणि रविवार सात. दोन्ही नियम मान्य आहेत. सहा दिवस त्यांचे पटते. भांडण फक्त रविवारचे.

राजोडी गावात एका बावखलावर, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यावर, सात वाड्यांचा, म्हणजे बागांचा, एकच पंप आहे. वारानुसार पाळी. रविवारी सकाळी बाकीच्या सहा वाड्यांतली माणसे चर्चमध्ये मिस्साला जातात, म्हणून ती पाळी पहिल्यापासून सातव्या वाडीच्या रामनाथकाकांची. गावातल्या रोशनीने पंप आपोआप चालेल असा प्रोग्राम लिहिला. मी शून्य म्हटले की काकांच्या वाडीत पाणी. चार वर्षे मी बिनचूक चाललो. कौतुक तिचे झाले. मला कोण ओळखतो?

यंदा फेब्रुवारीत तिने नवी लायब्ररी घातली. तिथे मला दुसरा नियम लावलेला होता. रविवारी मी प्रामाणिकपणे सात म्हणालो. सातची वाट कुणीच पाहत नव्हते. पंप गप्प राहिला. गाव चर्चमध्ये, पाहणार कोण?

काकांनी सोनचाफ्याची चाळीस कलमे नुकतीच लावली होती. शेजाऱ्यांनी आपली पाळी काढून घेतली, असे त्यांना वाटले. ते घागरीने पाणी घालत राहिले, पण बोलले नाहीत. चौथ्या रविवारी गुडघा धरला म्हणून शेजारच्या वाडीतल्या इनेझबाय घरीच होत्या. त्यांनी कुंपणावरून पाहिले.

"काय रे रामनाथ, पंप असताना घागर कशाला?"

"तुम्हीच बंद केलात ना माझा पानी?"

"आम्ही? मेल्या, महिनाभर गप बसलास? तुझ्या रागावर झाडं जगतात काय?"

इनेझबायचा निरोप मिळताच रोशनी धावत आली. तिने मला त्या दिवसाची तारीख दिली. मी सात म्हणालो. ती खाली मान घालून म्हणाली, "काका, चूक माझी. नियम बदललेला, मी वाचलाच नाही."

तिने सातलाही काकांचे पाणी जोडले आणि प्रोग्राममध्ये माझ्या डोक्यावरच्या ओळीत माझा नियम लिहून ठेवला. अकरा कलमे मात्र गेली. त्यांच्या जागी इनेझबायनी आपल्या वाडीतली अकरा दिली.

मित्रांनो, मी खोटे बोलत नाही. पण कोणत्या नियमाने बोलतो, हे विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही. तेवढे विचारत जा. काकांनी पहिल्याच रविवारी कुंपणापाशी जाऊन विचारले असते, तर ती अकरा आज फुलावर आली असती.