वहिनींची वही आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा आपला म्हणायचा. पंधरा वर्षांच्या पुसापुशीने माझा रंग आटवलेल्या दुधासारखा झाला आहे. उजव्या कोपऱ्यात कुणीतरी पक्क्या शाईने लिहिलेला एक फोन नंबर कायमचा बसला आहे. तो कुणाचा, हे आता कुणालाच आठवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्यावर गुळगुळीत लेप चढला, मागे लाकडी पाठ आली, कडेने पट्टी बसली. माझ्यासोबतचे बहुतेक फळे शाळांमध्ये गेले. मी मात्र टीव्हीच्या मालिका लिहिणाऱ्यांच्या खोलीत आलो. तिसरा मजला, एक लांब टेबल, सहा खुर्च्या, एक करकरणारा पंखा आणि भिंतीवर मी.

खोलीत शब्द चालायचा तो भाऊंचा. ते मुख्य लेखक. कोणती सून घर सोडणार, मेलेला नवरा कितव्या भागात जिवंत होणार, हे सारे आधी माझ्या अंगावर ठरायचे. भाऊ मागे सरकून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "हा फळा आहे म्हणून माझं डोकं चालतं." हे ऐकून मी फुगून जायचो.

मला दुखणे एकच होते. ती वही.

भाऊंच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. पूर्वी त्या कानाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम करायच्या. ते दुकान बंद झाल्यावर त्या इथे येऊ लागल्या. खिडकीजवळ बसून भाऊंच्या लिखाणाची स्वच्छ प्रत काढायच्या. काम संपले की पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची एक वही निघायची. तिच्यात लिहिताना त्यांचे ओठ हलायचे, कधी डोळे भरून यायचे. मी समोर भला मोठा, चार हात रुंद. वही हाताच्या पंजाएवढी. तरी वहिनींच्या मनातले सगळे तिच्या पदरात, आणि माझ्या वाट्याला पळून गेलेल्या सुना! माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा ती टेबलावरून पडली आणि तिची दोन पाने मुडपली, तेव्हा मला बरे वाटले. सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

एका सोमवारी चॅनेलच्या बाईंचा फोन आला. प्रेक्षक सासू-सुनांना कंटाळले होते. आता विज्ञानकथेची मालिका हवी होती, आणि कल्पना अगदी ताजी हवी होती. शुक्रवारी सकाळी त्या स्वतः ऐकायला येणार होत्या. पटले नाही तर काम दुसऱ्या लेखकांकडे जाणार होते.

"वाहिनीला काहीतरी नवं हवंय," भाऊ म्हणाले.

"वाहिनीला की वहिनींना?" इंजिनिअरने विचारले. नोकरी सोडून लेखनात आलेला हा गृहस्थ भारी थट्टेखोर. सगळे हसले. वहिनीही हसल्या. भाऊ तेवढे हसले नाहीत.

दोन दिवस माझ्यावर कल्पनांचा नुसता पाऊस पडला. भाऊंनी लिहिले, 'परग्रहावरची सून.'

"तिला इथली हवा मानवायची नाही, भाऊ," इंजिनिअर म्हणाला. "पहिल्याच भागात गुदमरेल."

"मग सासूलाच यंत्र करू." भाऊंनी लिहिले, 'यंत्रमानव सासू.'

संवाद लिहिणारी मुलगी, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, कपाळाला हात लावून म्हणाली, "ही आपलीच मागची मालिका आहे. फक्त सासूला चार्जिंग लागतं."

बुधवारी दुपारी सगळ्यांची डोकी रिकामी झाली. तेव्हा खिडकीजवळून आवाज आला, "मी एक सांगू का?"

"तुझी प्रत काढून झाली?" भाऊंनी विचारले.

"झाली."

"सांगा ना वहिनी," चष्मेवाली म्हणाली.

वहिनी वहीवर बोट ठेवून बोलू लागल्या. "कानाची यंत्रं दुरुस्त करणारी एक बाई आहे. तिच्याकडे एक जुनं यंत्र येतं. ते कानाला लावलं की समोरचा माणूस तासाभराने जे बोलणार, ते आत्ताच ऐकू येतं. कुणाला ते यंत्र द्यायचं आणि कुणाला नाही, हे तिनं ठरवायचं. एकदा एक म्हातारे गृहस्थ येतात. मुलाशी वीस वर्षं अबोला. मुलगा समोर गप्प बसलाय, आणि यांना यंत्रातून ऐकू येतं की तो माफी मागणार आहे. आता ऐकून तर झालं. मग ते तासभर थांबतील, का उठून जातील?"

पंखा तेवढा करकरत राहिला. प्रत्येक कल्पनेत खुसपट काढणारा इंजिनिअर हळूच म्हणाला, "यात चूक आहे. पण काढावीशी वाटत नाही."

भाऊ म्हणाले, "बघू."

गुरुवारी चष्मेवालीने मार्कर थेट वहिनींच्या हातात दिला. "वहीत नको, इथे लिहा. सगळ्यांना दिसेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनींचा हात मला लागला. गोल, जरासे डावीकडे कललेले निळे अक्षर. वहीत नुसती टिपणे होती. कथा माझ्यासमोर उभ्या राहूनच त्यांना सुचत गेली. एक भाग, दोन भाग, बघता बघता आठ. मी काठोकाठ भरलो. वही पिशवीत पडून होती. 'आता कसं?' मी तिला मनातल्या मनात म्हणालो. त्या दिवशी माझ्यासारखा सुखी मीच.

आईला डॉक्टरकडे न्यायचे म्हणून वहिनी चार वाजता निघाल्या. साडेपाचला बाकीचेही गेले. राहिलो भाऊ आणि मी.

भाऊ माझ्यापुढे उभे राहून वाचू लागले. तिसऱ्या भागापाशी खुदकन हसले. सहाव्या भागापाशी त्यांनी डोळे पुसले. मग बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हळूहळू चढले ते मी लगेच ओळखले. वहीकडे बघताना मला चेहरा असता तर तो असाच दिसला असता. त्यांनी डस्टर शोधला. तो सापडेना, तेव्हा शर्टाच्या बाहीनेच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पुसले. एक अक्षर ठेवले नाही. आणि मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिले, 'यंत्रमानव सासू.'

मित्रांनो, त्या संध्याकाळी मला ओरडता आले असते तर!

शुक्रवारी सकाळी वहिनी आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, हे कुणी पुसलं?" चष्मेवाली किंचाळलीच.

"सफाईच्या मावशींनी पुसलं असणार," भाऊ कुणाकडेही न बघता म्हणाले. "उद्यापासून येऊ नका म्हणावं त्यांना."

मावशी बादली घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी फळ्याला हात लावत नाही. त्यातलं मोलाचं काय, हे मला कसं कळणार?"

"मावशी, तुम्ही कुठेही जायचं नाही," वहिनी म्हणाल्या. मग भाऊंकडे वळून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "काल तुमचा शर्ट मीच भिजत घातला. बाहीचं निळं अजून निघालेलं नाही."

त्याच क्षणी चॅनेलच्या बाई आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "यंत्रमानव सासू?" जेवणात केस सापडावा तशा सुरात त्यांनी विचारले. "हेच का?"

भाऊंनी एकदा मावशींकडे पाहिले, एकदा वहिनींकडे.

"नाही," ते म्हणाले. "काल इथे दुसरी गोष्ट होती. ती हिची. मी पुसली. तिसरा भाग वाचून मी एकटाच हसत होतो. तिला सांगायला हवं होतं. ते सोडून मी हे केलं, आणि वर मावशींवर ढकललं." त्यांनी मावशींपुढे हात जोडले. "चुकलो मी."

मावशींनी मान फिरवली.

वहिनी उठल्या. आता त्या मार्कर घेणार, म्हणून मी अंग ताठ केले. पण त्या माझ्याकडे आल्या नाहीत. वहीही त्यांनी उघडली नाही. टेबलाशी उभ्या राहून, दोन्ही हात हलवत, त्यांनी आठही भाग तोंडी सांगितले, आणि वर आणखी दोन, जे ना माझ्यावर होते ना वहीत. चॅनेलच्या बाईंनी मधे एकदाही घड्याळ बघितले नाही. इतकी वर्षे मी ज्यासाठी वहीवर जळत होतो, ते तिचे कधी नव्हतेच. माझेही नव्हते.

मालिका मंजूर झाली. लेखिका म्हणून नाव वहिनींचे लागले. म्हणून घरात लगेच सगळे गोड झाले असे नाही. दोन महिने वहिनी भाऊंशी कामापुरतेच बोलल्या. मग भाऊंनी एक भाग लिहून त्यांच्यापुढे ठेवला. वहिनींनी त्यातला निम्मा कापला. भाऊंनी हूं की चूं केले नाही, उरलेला निम्मा पुन्हा लिहून आणला.

मालिका चालली तशी खोलीही बदलली. माझ्या जागी काचेसारखा चकचकीत स्क्रीन आला. त्याच्यावर बोटाने लिहितात म्हणे, आणि पुसलेलेही परत आणता येते. मला जिन्यात टांगले आहे. माझ्यावर आता फक्त 'लिफ्ट बंद आहे' एवढेच लिहितात. वरून वहिनींचा आवाज आला की माझे लक्ष तिकडे जाते, आणि त्या स्क्रीनच्या विचाराने मी आतून जळतो. खोटे कशाला बोलू?

म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. फळा शाळेतला असो, घरातला असो, त्यावरचे वाचल्याशिवाय पुसू नका. आणि वाचून पोटात दुखू लागले, तर हातातला डस्टर खाली ठेवा, ज्याचे अक्षर असेल त्याला शोधा आणि सांगा, 'मला आवडलं.' हे म्हणणे फार जड जाते. भाऊंना एक अख्खी रात्र आणि एक सकाळ लागली. मला तर त्या स्क्रीनला अजून म्हणायचे आहे.