बारशाला निघालेली मोटार

गोदूकाकी काही केल्या मोटारीतून उतरायला तयार नव्हती. मागच्या चाकापाशी धूर निघत होता, जळक्या रबराच्या वासाने सगळी आळी नाकाला पदर लावून उभी होती, आणि ही बाई मांडीवर नारळ घेऊन पालखीतल्या देवीसारखी आत बसलेली. तिच्या मुलाने, भागोजीने, हात जोडून पाहिले. तिने मान फिरवली. सकाळी मी माझ्या पायांनी चढले, आता उतरले तर परत चढेन याची खात्री कोण देतो, असा तिचा सवाल होता. 

उत्तर द्यायचं होतं ते आमच्या ह्यांनी. हे म्हणजे मांडवीचे लोहार. मी नाव घेत नाही, बाकी सगळे काशीराम म्हणतात. भाता मी ओढते, घण मी मारते, पण मिस्त्री कोण, तर हे. रत्नागिरीत मोटारी फिरायला लागल्यापासून ह्यांना कोणी मिस्त्री म्हटलं की चेहरा कसा खुलतो बघा. त्याआधी जन्मभर टांगे आणि बैलगाड्या केल्या, होड्यांचे नांगर ठोकले, त्यावरच दोन पोरींची लग्नं झाली. पण आता एखादा टांगेवाला दारात आला की ह्यांच्या कपाळाला आठी. टांग्याचं काय, ते कोणीही करील, म्हणतात.

मोटार भागोजीचीच. तो मुंबईत एका शेटजींकडे ड्रायव्हर होता. शेटजींनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी ह्याने पदरात पाडून घेतली आणि रत्नागिरीहून लांज्याला उतारू न्यायला लागला. लांज्यालाच त्याची बहीण चिमा दिलेली. अकरा वर्षं तिची कूस उजवली नव्हती. नवस झाले, औषधं झाली, सासरच्यांनी बोलायचं ते बोलून झालं, आणि यंदा तिला मुलगी झाली. वैद्याने हलवू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. त्या मुलीचं आज बारसं. नातीला पाळण्यात घालायला आजी नको का?

पण काकीचा पाय तसा नव्हता. आदल्या वर्षी शिमग्यात ती विहिरीवर पडली, आणि तेव्हापासून पाय एका हद्दीपलीकडे उचलत नाही. मग एकदा चिमाच्या सासरच्या लग्नाला दोघा बाप्यांनी तिला उचलून मोटारीतून खाली घेतली, तेव्हा लुगडं गुडघ्याच्या वर गेलं आणि मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकी घरी आल्यावर दोन दिवस जेवली नव्हती. लांज्याला जाईन तर माझ्या पायांनी, नाहीतर नातीचं तोंड नाही बघणार, असं तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं. नात तर तेव्हा पोटातसुद्धा नव्हती, पण काकीचा विश्वास दांडगा.

महिन्यापूर्वी तिने ह्यांना घरी बोलावून ओट्याची पायरी दाखवली. एवढं मी चढते, म्हणाली, आणि चढून दाखवलं. रोज सकाळी दहा वेळा चढायची म्हणे, कोणी बघत नसताना. ह्यांनी पायरी मोजली, मोटारीच्या दाराखालची पाय ठेवायची फळी मोजली. मोटार चार बोटं उंच. "मावशी, मोटार चार बोटं खाली आणतो. हा माझा शब्द," असं हे सांगून आले, आणि मागच्या-पुढच्या चारही कमानींतले, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांतले, दोन-दोन पोलादी पाटे काढून मोटार खरोखरच खाली बसवली. काकी चढली. दाराच्या दांड्याला धरून, दम घेत, पण एकटी चढली. त्यानंतर आठ दिवस आमचे हे मांडवीतून असे चालत होते की कलेक्टरसाहेबाने बाजूला व्हावं.

आता चूक कुठे झाली, तर मोटार चालवून पाहिली ती रिकामी. बारशासाठी धुऊन-पुसून ठेवली म्हणून भागोजीने तेवढे दिवस उतारूही घेतले नव्हते. पुढे भागोजी, मागे काकी, आणि काकीचं वजन ते काय, सुकलेल्या फाट्यांची मोळी. टायर कशाला घासतोय? पण बाळंतविड्याचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही, माझ्यासुद्धा नाही, आणि तो माहेरूनच जायचा हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लेक अकरा वर्षांनी बाळंत झालेली, आई हात आखडता घेईल होय? शिसवी पाळणा, दोन गाद्या, डिंकाच्या लाडवांचा डबा, तुपाची बरणी, नारळांचं पोतं, तांदूळ, दोन फणस, आणि वर भागोजीची बायको. मोटार मागून अशी बसली की खुडूक कोंबडी बरी. मारुतीच्या देवळाकडचा चढ लागला आणि टायर मडगार्डाला घासून धूर निघाला. तिथूनच गाडी वळवून आमच्या दारात आणली.

तर काकीला आत ठेवूनच काम करायचं ठरलं. मोटार जॅकवर चढली, तिच्याबरोबर काकीही चढली, आणि वरून गावाकडे बघत म्हणाली की इथून समुद्र बरा दिसतो. ह्यांनी मडगार्डाची आतली कड छिन्नीने तोडली, उरलेली मी घणाने बाहेर ठोकली. टायर बघितला तर कडेची एक पट्टी सोलून निघालेली. भागोजीने गाडी आळीच्या टोकापर्यंत नेली. पहिला खड्डा येईपर्यंत ठीक, खड्ड्यात पुन्हा खर्रकन आवाज. ऊन वर चढत होतं आणि लांज्याला पाळणा दुपारी हलवायचा होता.

भागोजी म्हणाला, पाळणा आणि पोतं मागाहून बैलगाडीने पाठवू. काकी आतूनच म्हणाली, मग मलापण बैलगाडीत टाक आणि पुढच्या बारशाला पोचव. तो विषय तिथेच मिटला.

उपाय एकच उरला होता, तो हे मघापासून जाणून होते. काढलेले पाटे परत घालायचे. मग मोटार ताठ उभी राहणार, टायर मोकळा फिरणार, आणि फळी पुन्हा चार बोटं वर जाणार. भागोजीने ह्यांना भात्यापाशी ओढलं. मी तिथेच होते.

"घाल पाटे," तो हळूच म्हणाला. "ती आत बसली हाय, तिला काय कळणार? लांज्याला उचलून घेऊ. लोकांसमोर काय वरडणार नाय ती."

बोलणं खोटं नव्हतं. खरंच ओरडली नसती. घरी येऊन जेवली नसती एवढंच. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उगीचच हात पुसत होते, आधीच पुसलेले. मनात म्हटलं, आता जर हा माणूस गप्प बसून पाटे घालायला गेला, तर भाता त्याचा त्याने ओढावा. पण हे सरळ मोटारीच्या दाराशी गेले.

"मावशी, पाटे परत घालावे लागतायत," हे म्हणाले. "गाडी वर जाईल. तुला दिलेला शब्द माझ्यानं राखवत नाय."

  एवढी महिनाभर पायरी चढणारी बाई, आज नातीच्या दारात पुन्हा गाठोड्यासारखी उतरणार. मांडीवरचा नारळ तिने बाजूला ठेवला. मग एकदम तिने विचारलं,

"काशीराम, टांगा तर ह्याच्यापेक्षा उंच. मी त्यात कशी चढायचे?"

"पायदान असतं त्याला. खाली लोंबतं."

"ती पायदानं कोण करायचा?"

"मीच."

"मग ह्या गाडीला करताना तुझा हात कोणी धरला होता रे मेल्या?"

मला हसू आवरेना. महिनाभर हा माणूस कमानी काढतोय, घालतोय, मडगार्ड तोडतोय, आणि ज्या पायदानावर ह्याच्या बापाचं घर चाललं ते ह्याला आठवू नये. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे तोंड उघडं टाकून उभे राहिले, मग तेही हसायला लागले, आणि तसेच हसत परसात भंगाराच्या ढिगाकडे धावले. आले ते जुन्या टांग्याचं पायदान घेऊन. मी भाता ओढला. हे तापवत होते, मी घण मारत होते, आणि इतक्या वर्षांत ह्यांचे हात असे न अडखळता चालताना मी पाहिले नव्हते. मोटारीच्या कामात हे सारखे थांबून विचार करतात. इथे विचार करायचं कारणच नव्हतं. पाटे घातले, पायदान दोन ठिकाणी पक्कं ठोकलं आणि वितीने मोजलं. ओट्याच्या पायरीहून दोन बोटं खालीच भरलं.

भरल्या गाडीची परीक्षा आता नीट घ्यायची म्हणून ह्यांनी मलाही आत बसवलं, वजनाला. माझ्या वजनाबद्दल काय म्हणाले ते मी इथे सांगणार नाही. हे स्वतः बाहेर फळीवर उभे राहिले, वाकून चाकाकडे कान लावून. हातखंब्याचा चढ गेला, पालीचे खड्डे गेले. प्रत्येक खड्ड्याला हे आणखी वाकायचे आणि टायर गुपचूप फिरत राहायचा. पाली सुटल्यावर काकीने लाडवांचा डबा उघडला. बाळंतिणीचे लाडू आम्ही तिघींनी खाल्ले, आणि एक तिने हात बाहेर काढून ह्यांच्या तोंडात घातला.

लांज्याच्या अंगणात सगळा गोतावळा जमला होता. विहीणबाई भाकरतुकडा घेऊन पुढे झाल्या. भागोजीने सवयीने आईला उचलायला हात पुढे केले, तसं ह्यांनी त्याचं मनगट धरलं. काकीने लुगडं सावरलं, पाय सोडला, तो पायदानावर टेकला, मग दुसरा जमिनीवर.  चिमा आतून पोरीला घेऊन दारापर्यंत आली होती, ती तिथेच उभी राहून रडत होती आणि हसत होती.

विहीणबाईंनी तुकडा ओवाळून टाकला आणि बाजूला झाल्या. पण काकी आत जाईना. ती वळली, मोटारीच्या दांड्याला हात घातला.

"अगो विहीणबाई, काय राहिलं काय आत?" चिमाच्या सासूबाई म्हणाल्या. "पाळण्यापाशी सगळी खोळंबलीत."

"खोळंबू देत. परत चढता येतं का ते आधी बघू दे," काकी म्हणाली, आणि पायदानावर पाय ठेवून पुन्हा वर चढली.