दोन वाजताच्या नापास बाया

सिद्धेश्वराची आण घेऊन सांगते, तळहातावर निखारा ठिवा म्हणाला तर ठिवते, पर ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. म्हातारी तिखटमीठ लावती असं ज्याला वाटतंय त्यानं शुक्रवार पेठेत जावं, भांड्याच्या दुकानाशेजारचा जिना चढावा आन् सोताच्या डोळ्यानं बघावं. जिन्याला बत्तीस पायऱ्या हायेत. एप्रिलात त्याच चाळीस व्हत्यात.

त्या जिन्याच्या वर प्रभुलिंग सरांचा इंग्लिश बोलायला शिकवायचा क्लास. सर नुसते मालक, शिकवायला माणसं ठिवलेली. दुपारी दोन ते चार बायांची बेसिक बॅच, आन् ती घ्यायची गुलनाज मॅडम. वय अडतीस, पर जिना चढून वर आली की पन्नाशीची दिसायची. सकाळी सातला उर्दू शाळेत चौथीचा वर्ग, त्याच्या आदी दोन पोरांचे डबे आन् सासूच्या गोळ्या. शाळा सुटली की घरी जाऊन भात टाकायचा, दोन घास उभ्यानं गिळायचे, आन् डोक्यावरची ओढणी सावरत भर उन्हात हितं यायचं.

खोली म्हंजे भट्टी. पंखा असा सावकाश फिरायचा, की एका कोळ्यानं त्याच्या पात्यावर संसार मांडला, पिल्लं वाढवली, त्यातल्या दोघांची लगीनंबी उरकली. उन्हानं खडू हातात मऊ पडायचा. मॅडम त्याला कणकीगत वळून पुन्हा ताठ करायची आन् फळ्यावर लिवायची.

बाया अकरा. सगळ्यात थोरली केराबाई, केम गावची, पासष्टीची. रेल्वे टेसनापल्याड तिची जिरायत व्हती. नवरा गेल्यावर लेकानं शहरात आणली. नातवाच्या शाळेतनं मोबाइलवर इंग्लिशमधी निरोप येत्यात, ते आपल्याला कळले पायजेत म्हणून ती आली. दुसरी ईरम्मा, अक्कलकोटकडची. घरात कानडी, टॉवेलच्या कारखान्यात हिंदी, बाजारात मराठी. चौथी भाषा तिला काय जड? तिसरी पूनम, नवी सून, बँकेच्या परीक्षेला बसायचं मनात घेऊन आलेली. बाकीच्या आठजणी अशाच, कुणी शिवणकाम करणारी, कुणी पापड लाटणारी.

क्लासचा नियम साधा व्हता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पन्नास मार्कांची परीक्षा. तीसच्या वर पडले की बेसिक संपलं, माणूस इंटरमीजिएटला गेलं. आन् कुठल्या बॅचचे किती वर गेले, ते प्रभुलिंग सर खाली जिन्यापाशी पाटीवर खडूनं लिवायचे. सकाळच्या पोरांची बॅच, नऊ. संध्याकाळची, बारा. दोन वाजताची बॅच, शून्य. फेब्रुवारीत शून्य, मार्चात शून्य, त्याच्या आदीबी शून्य.

एप्रिलात सरांनी तिला पाण्याच्या माठापाशी थांबवलं. माणूस वाईट न्हाय, पर बोलताना समोरच्याच्या खांद्यावरनं पलीकडं बघायची सवय.

"मॅडम, लोक खाली उभं राहून ती पाटी वाचत्यात," म्हणाले. "ह्या शनिवारी निदान पाच जणी तरी पास पायजेत. न्हाय झाल्या तर दोनची बॅच बंद करू. टायपिंगवाले खोली मागाय लागलेत."

गुलनाज खाली निघाली. जिना उतरताना तिला आदी वाटलं, बरं होईल, दुपारी घटकाभर पाठ टेकता येईल. पर भांड्याच्या दुकानापाशी ती थबकली. दिवसभर ती कुणाची अम्मी व्हती, कुणाची बहू व्हती, चौथीची टीचर व्हती. त्या दोन तासात ती नुसती गुलनाज व्हती, आन् समोर अकरा बाया अशा बसायच्या, की तिच्या तोंडातनं पडलेला एक शब्द वाया जाऊ देणार न्हाईत. ते गेलं तर ऱ्हायलं काय?

बायांना तिनं हे सांगितलं न्हाय. लाज वाटली. मला शिकवता येत न्हाय, हे आपल्याच तोंडानं कसं सांगायचं? तिनं आपला चाबूक सोतावरच ओढला. इज-ॲम-आर तिसऱ्यांदा पहिल्यापासनं घेतलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर तक्ते काढले. काल, आज, उद्या असे तीन पाट मांडून बायांना त्यावरनं चालवलं, म्हंजे काळ पायातनं डोक्यात जाईल. घसा बसला, मिठाच्या गुळण्या केल्या, परत बसला. आन् नवल असं, की तोंडी विचारलं की बाया फाडफाड उत्तर द्यायच्या. कागद पुढं आला की आपटायच्या.

परीक्षेच्या दोन दिवस आदी, गुरुवारी, तिनं सरावाची परीक्षा घेतली. शुक्रवारी उर्दू शाळा लवकर सुटली. सगळे गेल्यावर ती रिकाम्या वर्गात पोरांच्या बुटक्या बाकावर बसली आन् अकरा पेपर काढले. लाल पेन हातात, डोळे मिटाय लागलेले. अठ्ठावीस. एकोणतीस. एकोणतीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

सहाव्या पेपरला तिचा हात थांबला.

कुणालाच बारा न्हाईत. कुणालाच वीस न्हाईत. अकरा जणी, आन् अकराच्या अकरा काठावर येऊन थांबलेल्या, जसा काय कुणी दोर बांधलाय. तीन महिने ती इतकी दमलेली, की नापास एवढंच वाचायची आन् गठ्ठा बांधून टाकायची. मार्कांकडं एकत्र बघितलंच नव्हतं.

तिनं पूनमचा पेपर खिडकीच्या उजेडात धरला. चुकीच्या उत्तराखाली खोडरबराचा डाग व्हता, आन् डागाच्या आत पहिलं लिवलेलं पुसट दिसत व्हतं. बरोबर उत्तर. आदी बरोबर लिवलं, मंग खोडून चूक लिवलं. ईरम्माचंबी तसंच. केराबाई पेननं लिवायची, तिच्याकडं रबर कुठला? तिनं बरोबर उत्तरावर एक सरळ रेघ मारली व्हती आन् शेजारी मोठ्या अक्षरात चूक लिवली व्हती, जशी काय दुरुस्ती केलीया.

इतकं नेमकं चुकायला लई यावं लागतंय. बरोबर काय ते पुरतं ठाऊक असल्याबिगर कुटं चुकायचं ते कसं कळणार? गुलनाजला आदी संताप आला. मंग संतापायचीबी ताकद ऱ्हायली न्हाय. ती तशीच बसून ऱ्हायली, पाय बाकाखाली मावत नव्हते तरी.

दोन वाजता तिनं वर जाऊन अकरा पेपर टेबलावर पसरले, रबराचे डाग वर येतील असे. फळ्याला हात लावला न्हाय. का केलं म्हणून विचारलं.

बाया पायाकडं बघाय लागल्या. पूनमनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शेवटी केराबाईनं तोंड उघडलं. ती गुलनाजला मॅडमबी म्हणायची आन् अगं-तुगंबी करायची.

"पास झाल्यावर बॅच कितीला गं, मॅडम?"

"सातला. संध्याकाळी."

"मंग सातला भाकरी कोण थापायची? तुझे सर येणार हायेत व्हय?"

त्यावर सगळ्याजणींची तोंडं एकदम सुटली. ईरम्माची संध्याकाळी दुसरी पाळी असायची. एकीचा नवरा सातला घरी यायचा आन् जेवण पुढं नसलं तर ताट आपटायचा. आन् खरी गोष्ट पूनमनं सांगितली, ती सगळ्यांची व्हती. पास झाली म्हंजे शिकून झालं, आता बस घरी, असं सासू म्हणणार. नापास झाली की घरात कुणाला राग येत न्हाय. उलट बरं वाटतंय. हिला काय जमणार, जाऊ दे की बसून यील दोन तास, म्हणत्यात.

"आमी नापास हाय म्हणून सुटं हाय," केराबाई म्हणाली. "हितनं वर गेलो की गेलोच."

गुलनाज खुर्चीवर टेकली. तीन महिने ती घसा फोडत व्हती आन् ह्या बाया मार्क मोजून चुकत व्हत्या. मंग तिनं सांगितलं. पाटीवरचं शून्य, सरांचा शनिवार, टायपिंगवाले.

बाया त्या शून्याशेजारनं रोज जिना चढून वर येत व्हत्या, पर ते मॅडमच्या गळ्याशी आलंय हे एकीच्याबी डोक्यात आलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपण पडतो ते आपलं आपण पडतो.

"आदी सांगायचं न्हाय व्हय, मॅडम?" ईरम्मा म्हणाली.

"तुम्ही तरी सांगितलं का?"

मंग पाच कोण, ह्यावर वाद झाला. जी पास होईल ती सातला अडकणार, नाही तर घरी बसणार. पूनम म्हणाली मी होते, आन् म्हणताना रडाय लागली. ईरम्मा म्हणाली तू गप, तुझी बँकेची परीक्षा ऱ्हाईल, मी कारखाना सोडते. एकमेकींना मागं ओढण्यात चार वाजले. केराबाई उठली, गुडघ्यावर हात ठिवून, आन् म्हणाली की पाच-बिच काय न्हाय, पडायचं तर अकरा जणींनी उद्या वरच पडायचं. मंग बघू सर काय करत्यात.

शनिवारी त्यांनी पेपर लिवले. रबर एकीनंबी आणलं नव्हतं. सगळ्यात कमी मार्क चव्वेचाळीस.

प्रभुलिंग सरांनी खाली पाटीपाशी गठ्ठा बघितला आन् चष्मा पुसला. तीन महिने शून्य आन् आज अकरा. ते सरळ बोलले न्हाईत, पर पेपर कुटं ठिवला व्हता, कपाटाची किल्ली कुणाकडं व्हती, असं खोदून खोदून विचाराय लागले. गुलनाजच्या लक्षात आलं की तिच्यावर चोरीचा संशय हाय. ती भांडली न्हाय. एवढंच म्हणाली की बाया वर बसल्यात, तोंडी विचारून बघा.

सर बत्तीस पायऱ्या चढून गेले आन् सगळ्यात म्हातारीपुढं उभे ऱ्हायले. हीच पहिली कोसळंल असा हिशेब.

"व्हॉट इज युवर नेम?"

केराबाई उभी ऱ्हायली. पदर नीट केला.

"माय नेम इज केराबाई. आय कम फ्रॉम केम. आय लिव्ह विथ माय सन." सर मान हलवून पुढच्या बाईकडं वळले, पर केराबाई खाली बसली न्हाय. "आय मेक थर्टी भाकरी एव्हरी इव्हिनिंग. आय कम ॲट टू. आय कॅनॉट कम ॲट सेव्हन. व्हाय डू यू टीच इंटरमीजिएट ॲट सेव्हन, सर?"

आता सांगायचं म्हंजे, प्रभुलिंग सरांचं सोताचं इंग्लिश पाटीपुरतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, घातला.

"तशी पद्धत हाय," म्हणाले.

"इंग्लिशमधी सांगा की, सर," केराबाई म्हणाली. "हितं मराठी बोललेलं मॅडमला चालत न्हाय."

पूनमनं तोंडात पदर कोंबला. ईरम्मा खिडकीबाहेर बघाय लागली, खांदे हलत व्हते. सर जिना उतरून गेले, पाटीवर अकरा लिवले, ते अर्ध्या तासानं परत आले. तवर खाली भांडीवाल्यानं पाटीवर लिवलेलं अकरा वाचून चार गिऱ्हाइकांना सांगितलं व्हतं, आन् दोन बाया दोन वाजताच्या बॅचची चौकशी करून गेल्या व्हत्या.

सरांनी तोड काढली. टायपिंगवाले रद्द. इंटरमीजिएट दोनलाच होईल. पर बेसिकबी दोनलाच होईल, कारण नव्या बाया त्याच वेळंला मागत्यात. खोली एकच. बेसिक भिंतीकडं बसंल, इंटरमीजिएट खिडकीकडं. शिकवायला माणूस एकच, मॅडम. जमंल की तुमाला?

गुलनाजनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा खिडकीकडं. जमेल, म्हणाली. न्हाय म्हणायला जेवढा दम लागतो तेवढा तिच्यात उरला नव्हता, आन् न्हाय म्हणायचंबी नव्हतं.

घरी काय सांगायचं ते बायांनी आपसात ठरवून टाकलं. बेसिक कसंबसं सुटलं, पर आता खरी अवघड परीक्षा हाय, ह्यात लोक वर्षं न् वर्षं नापास व्हत्यात. हे आयकून पूनमच्या सासूला लई समाधान वाटलं म्हणत्यात. तिनं सुनेला जाताना सोबत पाण्याची बाटली भरून दिली.

सोमवारी भिंतीकडं नऊ नव्या बाया, खिडकीकडं जुन्या अकरा. गुलनाज जिना चढून आली, दाराशी थांबली, त्या वीस तोंडांकडं बघून हसली, आन् नवा खडू घेऊन दोन्हीकडं असं शिकवलं, असं शिकवलं, की चार कधी वाजले कुणाला कळलं न्हाय.

बरं, आण घेतलीया, तर एवढं एक सांगून टाकते. शेवटचं ते मी घातलं. सोमवारी ती हसली न्हाय, आन् शिकवलं तर मुळीच न्हाय. आली, टेबलावर हजेरी उघडली, त्यावर डोकं टेकलं आन् झोपली. ईरम्मानं हळूच उठून तिच्या हातातला खडू काढून घेतला आन् भिंतीकडच्या बायांना फळ्यावर लिवून दाखवाय लागली, आवाज न करता. वीस बाया दोन तास कुजबुजत इंग्लिश शिकल्या. मॅडमला कुणी उठवलं न्हाय.