वाडग्यातले दोन खडे

सावित्राबाईनं कुंकवाच्या रिकाम्या डबीतून खडा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. तांबूस-पिवळा, तुरीच्या दाण्याएवढा. पहाटे तिच्या नवऱ्याची, नथूची, लघवी फडक्यातून गाळली तेव्हा तो हाती लागला होता.

"हे बगा! ह्या मानसाच्या पोटातनं निघालं. तुमी म्हनला हुता, पोटात काय न्हाई."

कारखान्याच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. दहा दिवसांपूर्वी लोणावळ्याच्या याच दवाखान्यात नथूच्या पोटाचा क्ष-किरण फोटो निघाला होता. धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. वर हनुमंत मुकादमानं येऊन कान भरले होते, "साहेब, सकाळी कळ आली म्हनून घरी गेला, आन संध्याकाळी गावात, बेडशाच्या देवळात, कीर्तनाला पखवाज बडवीत हुता. ह्या डोळ्यांनी बघितला." झालं! डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'ढोंग. कामास योग्य.' त्या कागदापायी सोमवारी नथूचं नाव हजेरीपटावरून जाणार होतं.

कळ येते तशी उतरतेही, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही. आली की नथू जमिनीवर लोळायचा, उतरली की घाम पुसून उठून बसायचा. त्या दिवशी, एकादशीला, जरा उसंत मिळाली आणि तो देवळाकडे निघाला, कारण त्याच्यावाचून कीर्तनकार बुवांना साथीला कुणी नव्हतं. भगवंताच्या नामाला ताल धरला, तोच त्याचा गुन्हा ठरला.

"ओढ्यातला खडा उचलून आणलास बाई," डॉक्टर म्हणाले. "फोटो खोटं बोलत नाही."

नथूनं मान खाली घातली. "जाऊ दे गं. चल."

त्या पडत्या आवाजानं सावित्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमी गप ऱ्हावा! गप बसलात म्हनून तर ढोंगी ठरलात."

ती तरातरा बाहेर गेली आणि रस्त्यावरून तेवढाच एक खडा घेऊन आली. "ह्यो तुमच्या दारातला, ह्यो माजा. काडा दोनींचा फोटो. माजा ओढ्यातला आसंल तर दोनी सारकंच दिसतील. व्हय का न्हाई?"

फोटो काढणारा मारुती दारातच उभा होता. हसू दाबत म्हणाला, "साहेब, पाण्याच्या वाडग्यात ठेवून काढतो. पोटातही पाणीच की, नुसतं वारं थोडंच असतंय?"

"काढ बाबा एकदाचा. ही पीडा तरी टळेल."

अर्ध्या तासानं मारुतीनं ओला फोटो उजेडासमोर धरला. फोटोतल्या वाडग्यात एकच खडा होता. रस्त्यावरचा, पांढराशुभ्र. नथूचा खडा जिथं ठेवला होता, तिथं काहीच नाही.

डॉक्टरांनी वाडगा जवळ ओढला, बोटानं पाणी ढवळलं. खडे दोन्ही होते.

मग ते हळूच म्हणाले, "युरिक आम्लाचा खडा. चुन्याचे असतात ते फोटोत उमटतात, हा उमटत नाही. न दिसणं हीच याची ओळख. आत आणखी असला तरी कापाकापी नको. सोड्याचं औषध आणि भरपूर पाणी, विरघळून जाईल."

सावित्राबाई निवेल असं वाटलं होतं. ती आणखीच पेटली.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?"

"पुस्तकात वाचलं होतं."

"मग ढोंगी म्हनताना पुस्तक कुटं ठिवलं हुतं? आमचे बुवा सांगत्यात, दिसत न्हाई म्हनून देव न्हाई म्हननारा आंधळा. त्यो आंधळा परवडला, त्यो कुनाची भाकर तरी हिसकावत न्हाई!"

डॉक्टरांनी नवा कागद लिहिला. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं तो मारुतीला वाचायला लावला. 'आजपासून आजारी.'

"आजपासून? आन मागलं धा दिस?"

"मागची तारीख मला घालता येत नाही, बाई."

"ढोंग घालता आलं न्हवं? ते खोडा. माज्यासमूर."

लेखणी अडली. मग डॉक्टरांनी जुना कागद काढला, तो शब्द आडवा खोडला, खाली 'निदान चुकले' असं लिहून सही केली. मारुतीनं तेही वाचून दाखवलं.

कीर्तन सुटलं की लहानथोर सगळ्यांच्या पाया पडायची नथूला सवय. तो सवयीनं डॉक्टरांपुढे वाकू लागला. सावित्राबाईनं त्याचा दंड धरून त्याला सरळ उभा केला.

"देवळात वाका. हितं न्हाई."

डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला. तिनं तो एका हातानं घेतला.